निळ्या पेटीतून मागे

परग्रहावरच्या माणसांची मालिका, आणि गोष्ट सुरू होते कुठे, तर शाळेत! इतिहासाच्या बाई आणि विज्ञानाचे सर शाळा सुटल्यावर एका विद्यार्थिनीबद्दल बोलत असतात. मुलगी हुशार आहे, काही बाबतींत शिक्षकांपेक्षाही जास्त जाणते. पण एका पौंडात किती शिलिंग हे तिला सांगता येत नाही. तिला वाटतं, इंग्लंडात दशमान नाणी केव्हाच सुरू झाली. (ती तिथे आली १९७१ साली. आपला नया पैसा १९५७ चा.) शेवटी दोघे तिच्या पत्त्यावर जातात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी गल्लीबोळ पालथे घातलेल्या माझ्यासारखीला हे पाहून बरं वाटलं. पत्ता निघतो भंगाराच्या गोदामाचा.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सुरू झाली. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवला गेला. १९८९ साली बंद पडलेली ही मालिका २००५ मध्ये परत सुरू झाली. माझ्यापेक्षा वयाने मोठी असलेली मालिका पाहायची तरी कुठून? बारावीतल्या माझ्या लेकीने सांगितलं, “अम्मी, पहिल्यापासून.” तेव्हापासून इशानंतर एक भाग, असा नेम झाला आहे.

भंगारात एक निळी पेटी उभी असते. त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन लावण्यासाठी अशा पेट्या असत. ही मात्र काळातून फिरणारं वाहन आहे, आणि बाहेरून कपाटाएवढी असली तरी आत भलामोठा दिवाणखाना. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं आणि दोन पाहुणे सामावलेले पाहिले असल्यामुळे मला यात फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या आवाजाचं. ती पेटी निघताना जी घरघर होते, ती ब्रायन हॉजसन या तंत्रज्ञाने घराची किल्ली पियानोच्या तारांवर घासून तयार केली होती. पुठ्ठ्याचे दगड, हलणाऱ्या भिंती, अडखळणारे संवाद हे सगळं पहिल्या दोन दिवसांत डोळ्यांत खुपतं, मग सवय होते. गुहेतल्या आदिमानवांचे भाग मात्र लांबलेले आहेत, ते आम्ही चहा करत पाहिले.

एक शंका माझ्या बहिणीने काढली, ती इथेच सांगते. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं सगळं शरीर बदलतं आणि नवा नट येतो. हे पुनर्जन्मासारखं नाही का, मुलांना दाखवावं का? यामागची हकीकत साधी आहे. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली. मालिका तर चालू ठेवायची होती. म्हणून १९६६ साली ही युक्ती निघाली. डॉक्टर परग्रहावरचा माणूस आहे, देव नाही. आपल्या मुलांना दास्तान आणि दीन यांतला फरक कळतो. जुम्याला सूरह कहफ पढणाऱ्या घरातली मुलं ती. ३०० आणि वर ९ वर्षं झोपून उठलेल्या त्या गुहेतल्या तरुणांची हकीकत त्यांना पाठ असते. ती ईमानाची बाब, ही करमणूक. पण काळाचं कोडं मुलांना नवीन नसतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

श्रेयनामावलीत एक नाव आलं आणि मी लेकीला भाग थांबवायला लावला. दिग्दर्शक वारिस हुसेन. लखनौत जन्मलेला हा मुलगा मालिका सुरू झाली तेव्हा २४ वर्षांचा होता. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांच्या. त्या काळच्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी मुसलमान तरुण, दोघांवर सोपवलेलं हे काम. वारिस यांच्या आई अतिया हुसैन म्हणजे अवधच्या तालुकदारी घराण्यातल्या लेखिका. फाळणीने दुभंगलेल्या घराची त्यांची इंग्रजी कादंबरी १९६१ साली आली. वारिस यांनी पुढे मार्को पोलोच्या चीनच्या प्रवासावर या मालिकेची सात भागांची कथा केली, त्यातला एक सोडून बाकी भागांचं दिग्दर्शन त्यांचं. ती आज पाहता येत नाही. बीबीसीने जुन्या फिती पुसून टाकल्या. चाहत्यांनी घरी टीव्हीवरून ध्वनिमुद्रित केलेला आवाज तेवढा उरला आहे.

मला खिळवलं ते १९६४ च्या ॲझ्टेक लोकांच्या कथेने. इतिहासाच्या बाई, बार्बरा, तिथे चुकून देवतेचा अवतार समजल्या जातात. हातात सत्ता येताच त्या ठरवतात की नरबळी बंद करायचा. डॉक्टर बजावतो, इतिहास बदलता येणार नाही. त्या ऐकत नाहीत, आणि हरतात. बळी जातोच. पण ऑटलॉक नावाचा एक जाणता पुरोहित त्यांच्या बोलण्याने हलतो आणि सगळं सोडून निघून जातो. संस्कृती नाही वाचली, एक माणूस बदलला, असं डॉक्टर त्यांना समजावतो. वीस वर्षं वर्गात उभी राहिल्यावर हा हिशेब मला ओळखीचा वाटला.

मग लेकीने मधली पन्नास-पंचावन्न वर्षं ओलांडून थेट २०१८ चा एक भाग लावला. तोवर डॉक्टर बाई झालेली आहे, आणि तिच्याबरोबर शेफील्डची यास्मिन खान नावाची पाकिस्तानी वंशाची मुलगी फिरते. यास्मिनची नानी, उंब्रीन, तिला एक बंद पडलेलं घड्याळ देते, पण त्याची गोष्ट सांगत नाही. यास्मिन हट्टाने मागे जाते. १७ ऑगस्ट १९४७, पंजाब. सीमारेषा जाहीर होण्याचा दिवस. नानी तरुण आहे, लग्नाची मेंदी लागते आहे. पण नवरा यास्मिनचा नाना नाही. तो प्रेम नावाचा हिंदू शेतकरी, दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक. त्याचाच धाकटा भाऊ विखाराने भरलेला आहे. प्रेम मारला जातो. यास्मिनला त्याला वाचवता येत नाही. वाचवला तर तिचाच जन्म होणार नाही.

हे लग्न आपल्याकडच्या अनेकांना पटणार नाही, आणि भागातल्या उंब्रीनच्या आईलाही ते पटलेलं नाही. तो वाद मी इथे उकरत नाही. माझी तक्रार दुसरी आहे: भावाचा विखार तपशिलात दिसतो, रेघ ओढणारे मात्र ओझरते येतात. त्यापूर्वी कधी हिंदुस्थानात पाऊल न ठेवलेल्या रॅडक्लिफ यांना या कामासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले होते, हे बीबीसीच्या प्रेक्षकांना कळायला हवं होतं.

पण त्या भागातले परग्रहवासी मनातून जात नाहीत. आधी ते मारेकरी वाटतात. खरं तर त्यांचा स्वतःचा ग्रह नष्ट झाला आहे, आणि शोक करायला ते तिथे हजरही नव्हते. म्हणून आता विश्वात जो कोणी एकटा मरतो, त्याच्यापाशी ते जाऊन उभे राहतात. वाचवत नाहीत, फक्त पाहतात. गवाही देतात.

भाग संपल्यावर लेक म्हणाली, “अम्मी, तुझ्या नानीने काय पाहिलं होतं?” आमचं घर मराठवाड्यातलं. आमच्याकडे वडीलधारी माणसं वय सांगताना सन सांगत नसत. ‘पोलीस ॲक्शन’च्या आधीचा, नंतरचा, असं सांगत. सप्टेंबर १९४८. वर्गात मी रझाकारांचे अत्याचार शिकवते, मुक्तिसंग्रामही शिकवते. ॲक्शननंतर खेड्यापाड्यांतल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुजरलं, ते पुस्तकात नाही आणि नानीच्या तोंडूनही कधी आलं नाही. विचारलं की ती म्हणे, “जान दे बेटा, क्या करना वो बातां.” आणि सुपातले तांदूळ निवडत राही.

नानी आता नाही. तिची धाकटी बहीण परभणीजवळ आहे. त्या वेळी ती दहा वर्षांची असावी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी जाणार आहोत. लेकीला मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करायचं आहे. मी तिला सांगितलं आहे, पहिले दोन दिवस मोबाइल पर्समध्येच ठेवायचा, आणि मौसींबरोबर तांदूळ निवडायला बसायचं.