इशारा मिळाला, गाडी कोण थांबवणार?

१५ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी दिनी, कोरब्याहून राजनांदगावकडे एक मालगाडी निघाली. लांबी साडेतीन किलोमीटर, वाघिणी २९५, कोळसा २७ हजार टन. 'सुपर वासुकी' या नावाने दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने तिचे कौतुक करवून घेतले आणि ते रास्तही होते. परंतु देखभालीच्या नजरेतून या गाडीचा हिशेब वेगळा निघतो. प्रत्येक वाघिणीला चार आस, प्रत्येक आसाला दोन बेअरिंगे. म्हणजे एका गाडीत २,३६० बेअरिंगे. त्यातले एक निकामी होऊन तापत गेले, तर आसाचे टोक मऊ होऊन तुटते, चाक रूळ सोडते आणि मागच्या वाघिणी एकमेकींवर चढतात. रायपूरमधील मराठी कुटुंबांचे नागपूर-मुंबईकडे येणे-जाणे याच हावडा मार्गावरून होते.

रेल्वेच्या भाषेत याला 'हॉट अ‍ॅक्सल' म्हणतात. तो ओळखण्याची जुनी पद्धत माणसाच्या इंद्रियांवर उभी आहे. धावत्या गाडीचा धूर दिसतो का, जळका वास येतो का, चाकाचा आवाज बदलला आहे का, हे स्थानकावरचा कर्मचारी आणि फाटकवाला पाहतात. तपासणी कर्मचारी तापमापक रोखून पेटीची उष्णता मोजतात. आता रुळालगत यंत्रे आली आहेत. अवरक्त संवेदक बेअरिंगचे तापमान टिपतात, रुळावर बसवलेले ताणमापक सपाट झालेल्या चाकाचा आघात मोजतात आणि ध्वनिग्राहक बेअरिंग तापण्यापूर्वीचा त्याचा बिघडलेला स्वर ओळखतात. भारतीय रेल्वेने अशी यंत्रे निवडक ठिकाणी बसवली आहेत. त्यांची संख्या वाढावी यावर दुमत नाही. कळीचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो अमेरिकेतील एका अपघाताने स्पष्ट केला.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे रसायने वाहून नेणाऱ्या मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्या मार्गावर संवेदक होते आणि ते चालूही होते. एकाच बेअरिंगचे तापमान पहिल्या संवेदकाने भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सिअसने जास्त नोंदवले, दुसऱ्याने ५७ अंशांनी, तिसऱ्याने १४१ अंशांनी. पहिल्या दोन नोंदी कंपनीने ठरवलेल्या धोक्याच्या मर्यादेखाली होत्या, म्हणून चालकाला काही कळले नाही. तिसऱ्या संवेदकाने धोक्याची घंटा वाजवली तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या व तिसऱ्या संवेदकात तीस किलोमीटरचे अंतर होते. आकडा मर्यादेत होता, चढ मात्र मर्यादेत नव्हता. आणि तो चढ वेळेत कोणी हेरला नाही.

छत्तीसगडच्या संदर्भात यात आणखी एक गुंता आहे. मे महिन्यात येथील हवाच पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, जानेवारीच्या पहाटे ती दहा-बारावर येते. तेव्हा एकच ठोक मर्यादा उपयोगाची नाही. भोवतालच्या हवेशी, त्याच गाडीतील शेजारच्या बेअरिंगांशी आणि त्याच बेअरिंगच्या मागील नोंदींशी तुलना हवी. कोळशाची धूळ संवेदकांनाही सोडत नाही. खोट्या इशाऱ्यांनी दोन-चार गाड्या विनाकारण थांबल्या की नियंत्रण कक्षाचा यंत्रावरील विश्वास उडतो, हेही मान्य केले पाहिजे. मग खरा इशाराही पुढच्या स्थानकावर ढकलला जातो.

या ढकलण्यामागे अर्थकारण आहे. एप्रिल २०२२ मध्ये वीजकेंद्रांना कोळसा पोहोचावा म्हणून याच क्षेत्रातील वीसहून अधिक प्रवासी गाड्या रद्द झाल्या. तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी आक्षेप नोंदवला, तो फारसा कामी आला नाही. कोळशासाठी प्रवासी थांबवणे सोपे ठरले. एका तापलेल्या बेअरिंगसाठी कोळसा थांबवणे तितके सोपे असेल काय? ज्या अधिकाऱ्याचे मूल्यमापन मालभरणीच्या आकड्यांवर होते, त्याच्याच हाती गाडी रोखण्याचा अंतिम निर्णय ठेवणे, ही व्यवस्थेची चूक आहे, त्या अधिकाऱ्याची नव्हे.

आकडे जमवून ते न पाहण्याची सवय कागदावरही आली आहे. रुळावरून गाड्या घसरण्यासंबंधीचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. रुळांची मोजणी करणाऱ्या विशेष गाड्यांच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळली. त्याहून बोलके निरीक्षण असे की रुळांच्या देखभालीसाठी उभारलेल्या संगणकीय प्रणालीतील देखरेखीची अंगभूत सोय कार्यान्वितच नव्हती.

४ नोव्हेंबर २०२५ रोजी बिलासपूरजवळ मेमू गाडी मालगाडीवर आदळून किमान अकराजणांचा बळी गेला. त्यानंतर 'कवच'ची मागणी जोरात झाली, ती योग्यच. पण कवच सिग्नल आणि समोरची गाडी ओळखते, आतून झिजणारे बेअरिंग नव्हे.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्येच या दुखण्यावर बोट ठेवले होते. नियम करणारे, गाड्या चालवणारे आणि नियमन करणारे एकच रेल्वे मंडळ, ही रचना बदलून वैधानिक सुरक्षा प्राधिकरण नेमा, असे समितीने सुचवले. दिनेश त्रिवेदी यांनी १४ मार्च २०१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याला अनुकूलता दाखवली. भाडेवाढीवरून काही दिवसांतच त्यांचे मंत्रिपद गेले. २०१७ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पही उरला नाही, म्हणजे वर्षातून एकदा सक्तीने होणारी ती चर्चाही गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत.

नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. छत्तीसगड आणि विदर्भातील खासदारांनी तारांकित प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात या क्षेत्रातील संवेदकांनी किती इशारे दिले, किती गाड्या तिथेच थांबवल्या, किती पुढे सोडल्या आणि त्या सोडण्याच्या आदेशावर कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याची सही आहे?