निरोप दुरून, फूल जवळून



मार्गशीर्ष लागला. ज्वारी पोटरीत आली आहे, तुरीच्या शेंगा भरत आहेत आणि रात्री पाण्याच्या पाळ्या धरून सगळ्यांचे डोळे लाल झाले आहेत. अशा वेळी हा माणूस फुलांच्या गुच्छाचे काय घेऊन बसला, असे कोणी म्हणेल. पण विषय शेताचाच आहे, आणि थोडा घराचाही.

गेल्या आषाढात आमच्या सौभाग्यवतींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सोलापूरला झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही नळदुर्गला परत आलो. थोरली मुलगी पुण्याला नोकरीला. तिला रजा मिळेना. तिने काय केले, तर मोबाईलवरून कुठल्याशा घरपोच फुलांच्या सेवेकडे पैसे भरले आणि आईसाठी ताज्या फुलांचा गुच्छ मागवला. सकाळी अकराला पोचेल असे तिला कळवले होते. आला संध्याकाळी साडेसहाला. सोलापूरहून एक मुलगा मोटारसायकलला अडकवून घेऊन आला होता. बिचारा वाऱ्यापावसात भिजून आला, त्याला आम्ही चहा पाजला. त्याचा काही दोष नव्हता.

गुच्छ मात्र बघवत नव्हता. जरबेराच्या माना खाली पडलेल्या. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी. निशिगंधाच्या दोन काड्या होत्या, त्यांची खालची फुले पिवळी पडून गळत होती. वरून चकचकीत कागद आणि लाल फीत. सौ.नी एका डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच ठेवून तो गुच्छ तांब्यात ठेवला. तेवढ्यात मुलीचा फोन.

"आई, फुलं कशी आहेत गं?"

"लई छान आहेत बाळा. घरभर वास सुटलाय."

मी समोर बसलो होतो. मला त्या फुलांपेक्षा या बोलण्याचे जास्त वाईट वाटले. पैसे गेले त्याचे काही नाही. पण आईला लेकीशी खोटे बोलायला लावणारे फूल काय कामाचे?

आता यातली गंमत ऐका. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एका काकूंचा दोन गुंठ्यांचा निशिगंध आहे. त्याच दिवशी पहाटे काकूंनी फुले तोडून, पोत्यात भरून पहिल्या एसटीने सोलापूरच्या बाजाराला पाठवली होती. म्हणजे सकाळी नळदुर्गचा निशिगंध ४५ किलोमीटर सोलापूरला गेला आणि संध्याकाळी सोलापूरचा निशिगंध तेवढाच रस्ता तुडवून नळदुर्गला आला. जाताना काकूंच्या वाट्याला आले एसटीचे भाडे, हमाली आणि आडत. येताना मुलीच्या वाट्याला आले पेट्रोल, कागद आणि फीत. फुलाच्या वाट्याला आले ते आम्ही पाहिलेच.

फुले पाठवण्याची ही रीत मुळात अशी नव्हती. १९०८ साली जर्मनीत बर्लिनच्या एका फूलविक्रेत्याच्या पुढाकाराने ही सोय सुरू झाली. १९१० साली अमेरिकेत पंधरा फूल दुकानदारांनी एकत्र येऊन तारेने फुले पाठवण्याचा व्यवहार उभा केला. तारेतून फूल कसे जाणार? जात नव्हतेच. जात होता तो फक्त निरोप. एका गावचा गिऱ्हाईक आपल्या गावच्या दुकानात पैसे भरायचा, दुकानदार दुसऱ्या गावच्या दुकानदाराला तार करायचा, आणि तो तिथलीच ताजी फुले बांधून घरी पोचवायचा. दुकानदार आपसात हिशेब मिटवायचे. निरोप दुरून यावा आणि फूल जवळून यावे, एवढेच त्यातले मर्म. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तारेपेक्षा जलद यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी आपण फूलच पळवत बसलो आहोत.

हे डोक्यात घोळत असताना मी एका संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या एका फुलारीमामांकडे जाऊन बसलो. काकूंनाही बोलावले. मामा म्हणाले, "साहेब, हार सांगा, डोळं मिटून ओवतो. गुच्छ कोण घेणार आपल्या गावात? आणि उरली फुलं तर?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटले, मामा, मोजा. शाळेचे स्नेहसंमेलन, शिक्षकांची सेवानिवृत्ती, नगरपरिषदेतले सत्कार, दवाखान्यातून घरी आलेला माणूस, लग्नाचा स्वागत समारंभ. पूर्वी तिथे हार आणि श्रीफळ असायचे, आता गुच्छ असतो, आणि तो सोलापूरहून येतो. शिवाय नळदुर्ग, अणदूर, जळकोट या भागातली किती पोरे पुण्या-मुंबईला आणि हैदराबादला आहेत? त्यांचे आईबाप इथेच आहेत. आणि उरण्याचे म्हणाल, तर मागणी आल्यावरच काडी कापायची. बाकीची फुले रोजच्यासारखी हाराला आणि बाजाराला आहेतच. काकू लगेच म्हणाल्या, "झाडावरचं फूल उरत न्हाई मामा. तोडलेलं उरतं."

या एका वाक्यात सगळा धंदा आला.

पहिला गुच्छ श्रावणात गेला. हैदराबादच्या एका मुलाने वडिलांच्या सेवानिवृत्तीसाठी सांगितला होता. निशिगंधाच्या काड्या, ॲस्टर, मधे गलांडा आणि बाजूला शतावरीची हिरवी पाने. दिसायला झकास. पण दुसऱ्या दिवशी त्या घरून निरोप आला की काड्यांची बुडे चिकट झाली आणि फुले माना टाकत आहेत. मी जाऊन पाहिले. काकूंनी काड्या पाण्यात ठेवल्या होत्या हे खरे, पण ती बादली शेणकाल्याची होती, नुसती विसळून घेतलेली. आणि काड्या पाण्यात ठेवा असे सांगणारा मी, बादली कसली आहे हे विचारायला विसरलो होतो. बी.एस्सी. ॲग्रीची पदवी आणि तीस वर्षांची नोकरी, पण चूक माझीच. दुसरा गुच्छ आम्ही फुकट नेऊन दिला.

म्हणून पुढच्या गोष्टी नीट ध्यानात ठेवा. कापलेले फूल मेलेले नसते. ते श्वास घेते, पाणी ओढते आणि पाकळ्यांतून पाणी सोडते. पाणी मिळाले नाही की ते सुकते. काडी कोरडी राहिली की बुडाच्या नळ्यांत हवा शिरते आणि मग पाण्यात ठेवूनही पाणी वर चढत नाही. घाण पाण्यातले जंतूही त्याच नळ्या बुजवतात. आमच्या पहिल्या गुच्छाला हेच भोवले.

तोडणी उन्हे चढण्याआधी करावी. निशिगंधाची काडी तळातली एक-दोन फुले उमलली की कापावी. वरच्या कळ्या ज्याच्या घरी जातील तिथे उमलतात. सगळी फुले उमललेली काडी बघायला छान, पण तिचे निम्मे आयुष्य शेतातच सरलेले असते. गुलाब कळी सैल होऊन एखादी पाकळी सुटू लागली की कापावा. ॲस्टर आणि शेवंती मात्र उमलल्यावरच कापावी, त्यांच्या कच्च्या कळ्या नंतर नीट उमलत नाहीत.

बादली फुलांसाठी वेगळी ठेवावी, साबणाने घासून स्वच्छ केलेली. फवारणीची किंवा खताची बादली कधीही वापरू नये. शेतात जातानाच ती पाणी भरून न्यावी. काडी कापली की लगेच पाण्यात, बांधावर ढीग घालू नये. घरी आल्यावर बुडाचा इंचभर भाग पाण्याखालीच धारदार सुरीने तिरका कापावा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, ती कुजतात. मग सावलीत, वारा न लागेल अशा जागी दोन-तीन तास काड्यांना पोटभर पाणी पिऊ द्यावे. त्यानंतरच गुच्छ बांधावा.

नेताना बुडाला ओला कापूस किंवा ओले फडके गुंडाळून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी. फुलांवर मात्र पाणी मारून ती प्लास्टिकमध्ये कोंडू नयेत, घाम धरून डाग पडतात. वरून वर्तमानपत्राचा सैल कागद पुरे. आणि फुलांशेजारी पिकलेली केळी किंवा आंबे ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या वायूने फुले लवकर म्हातारी होतात.

ज्यांच्या घरी गुच्छ येतो त्यांनीही त्याची फीत सोडावी, काड्यांची बुडे पुन्हा थोडी कापावीत आणि त्या स्वच्छ तांब्यात ठेवाव्यात. लिटरभर पाण्यात दोन-तीन चहाचे चमचे साखर आणि थोडा लिंबाचा रस घातला तर फुले जास्त टिकतात. पण पाणी रोज बदलावे, नाहीतर त्या साखरेवर जंतूच पोसतात. पंख्याखाली, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये.

आता हिशेबाचे बोलू. हे वाचून कोणी सोयाबीन मोडून फुले लावू नका, आणि गुच्छांच्या भरवशावर कर्ज काढून हरितगृह तर मुळीच उभारू नका. दसऱ्याला झेंडूचे काय होते ते आपण सगळे पाहतो. सगळ्यांचा झेंडू एकाच दिवशी बाजारात येतो, आणि दुपारनंतर त्याचे ढीग रस्त्याकडेला टाकून माणसे रिकाम्या हाताने घरी येतात. गुच्छाची गिऱ्हाइकी त्याहून लहान आहे. पण ती वर्षभर असते, आणि तिचा भाव आडतीत नव्हे तर तुमच्या दारात ठरतो.

सुरुवात एका गुंठ्याने करा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. फूट-फूट अंतरावर कंद लावले तर वाटा सोडून निशिगंधाचे आठ-नऊशे कंद सहज बसतात. लावण एप्रिल-मे महिन्यांत करा, निचऱ्याची जमीन निवडा. एकदा लावला की दोन-तीन वर्षे चालतो. कडेने शतावरीची दोन-चार रोपे, पावसाळ्याच्या तोंडी ॲस्टर आणि शेवंती, आणि बांधाला गलांडा. एवढ्या पसाऱ्यात बहुतेक महिने काही ना काही फूल हाताशी राहते. घरातल्या बायकांना सकाळच्या तासाभरात उरकणारे हे काम आहे. पैसेही त्यांच्याच हातात द्या, ही माझी शिफारस आहे. काकू, मामा आणि पोचवणारा पोरगा यांनी आपला वाटा आधीच ठरवून वहीत लिहून ठेवला. तुम्हीही लिहा. तोंडी वाटा आणि कोरडी काडी, दोन्ही फार टिकत नाहीत.

बाहेरगावी असलेल्या मुलामुलींनाही दोन शब्द. गावच्या फुलाऱ्याचा नंबर घेऊन ठेवा. फोन केल्यावर चार गोष्टी विचारा: सध्या कोणती फुले आहेत, कधी तोडणार, कधी पोचवणार आणि बांधल्यावर गुच्छाचा फोटो पाठवणार का. पत्ता सांगताना नुसते गल्लीचे नाव नको, जवळची खूण सांगा, आणि घरी कोणी आहे का ते आधी पाहा. चैत्रात शेवंतीचा हट्ट धरू नका. शिवारात जे फुलले असेल ते पाठवा, तेच ताजे असते. "बुके नको, बुक द्या" म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पुस्तक जरूर द्या. पण प्लास्टिकची फुले देणाऱ्यांनी एकदा काकूंच्या शेतावर येऊन जावे.

गेल्या आठवड्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. सकाळी साडेआठला मामांचा पोरगा दारात. निशिगंधाच्या सहा काड्या, जांभळे ॲस्टर आणि पांढरी शेवंती. मुलीने पुण्याहून मामांना फोन करून सांगितले होते. काकूंनी पहाटे तोडलेली फुले, काड्यांना अजून ओले फडके गुंडाळलेले. थोड्या वेळाने मुलीचा फोन आला.

"आई, फुलं कशी आहेत?"

सौ. आता दोन्ही डोळ्यांनी नीट पाहतात. त्यांनी काडी उचलून निरखली आणि म्हणाल्या, "खालची दोन उमललीत. बाकीची उद्यापासून उमलतील. आणि एका शेवंतीची पाकळी मोडलीय बघ, मामांना सांग."

या वेळी मात्र त्या एक शब्दही खोटे बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू. तोवर शेतात एक चक्कर मारून झाडे हलवून बघा, आणि काय पडते ते मला कळवा.