विवाहाच्या तयारीत राहून जाणारा एक प्रश्न

दिवाळी सरली की माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बारामती व इंदापूर तालुक्यांत उतरतात आणि शिवारात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत, नाताळचा सण आटोपला की, आपल्या मंदिरांत नियोजित विवाहांची घोषणा वेदीवरून होऊ लागते. कोपीतील गर्भवती भगिनी आणि आपल्या घरातील नववधू यांची आयुष्ये वरकरणी फार वेगळी आहेत. तथापि एक प्रश्न दोघींनाही सारखाच लागू पडतो: उदरातील बाळाला आजारापासून वाचविण्याची तयारी वेळेवर झाली आहे काय?

हा प्रश्न दूरच्या देशांचा राहिलेला नाही. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. पुढे २०२४ साली पुणे जिल्ह्यात शंभराहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत गर्भवती महिलांची संख्या लक्षणीय होती. प्रौढ व्यक्तीला झिकाचा त्रास बहुधा सौम्य असतो. परंतु गर्भावस्थेत संसर्ग झाल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. या रोगावर अद्याप लस उपलब्ध नाही. दिवसा चावणाऱ्या व साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या एडिस डासापासून बचाव, हाच उपाय आहे. पिंप, टाक्या झाकणे, आठवड्यातून एकदा कोरड्या करणे आणि गर्भवतीने दिवसाही मच्छरदाणी वापरणे या साध्या गोष्टींचे मोल येथे कळते.

ज्या रोगांवर लस आहे, त्यांच्याबाबतीत आपण काय साधू शकतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे धनुर्वात. अस्वच्छ विळ्याने नाळ कापणे, नाळेला राख वा शेण लावणे यांमुळे एकेकाळी असंख्य नवजात बालके दगावत. मातेला दिलेल्या लसीमुळे तिच्या शरीरात निर्माण झालेली प्रतिकारशक्ती बाळालाही मिळते. ही लस व सुरक्षित प्रसूती यांच्या जोरावर २०१५ साली माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. आता टीटीऐवजी धनुर्वात व घटसर्प या दोहोंपासून रक्षण करणारी टीडी लस दिली जाते. पहिली मात्रा गर्भारपणाची नोंद होताच आणि दुसरी चार आठवड्यांनंतर. आधीच्या गर्भारपणात दोन्ही मात्रा घेऊन तीन वर्षे झाली नसतील, तर एक वर्धक मात्रा पुरते.

रुबेलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अंगावर पुरळ उठवून जाणारा हा किरकोळ ताप गर्भाला किती घातक ठरतो, हे १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले. पहिल्या तीन महिन्यांत मातेला रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण वा हृदयविकार होण्याची मोठी भीती असते. आणि येथेच खरी अडचण आहे: ही लस गर्भारपणात देता येत नाही. ती आधीच घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना ती लस मिळाली. म्हणजेच २००३ वा त्यापूर्वी जन्मलेल्या आपल्या मुली या मोहिमेच्या बाहेर राहिल्या आणि आज विवाहाच्या उंबरठ्यावर बहुतांशी त्याच आहेत. कुणी बालपणी खासगी दवाखान्यात एमएमआर लस घेतली असेल, कुणाला नकळत रुबेला होऊन गेला असेल. परंतु ही खात्री कुणी करून घेतो काय? विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात आपण संवाद, संस्कार, संसाराचा खर्च या विषयांवर बोलतो. हा विषय बहुधा राहूनच जातो.

काही श्रद्धावंतांच्या मनात एक नैतिक शंका असते, तिला बगल देणे योग्य नव्हे. रुबेलाची लस ज्या पेशींवर तयार होते, त्यांचा उगम १९६० च्या दशकातील गर्भपाताशी जोडलेला आहे. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने २००५ साली या प्रश्नाचा विचार केला. पर्यायी लसीसाठी आग्रह धरावा, असे तिने सांगितले. मात्र पर्याय नसताना बालकांच्या व गर्भवतींच्या रक्षणासाठी ही लस घेता येते, हेही स्पष्ट केले. डिसेंबर २०२० मध्ये कोविड लसींसंदर्भात व्हॅटिकनने हीच भूमिका पुन्हा मांडली. लस ऐच्छिक असावी. पण ती नाकारणाऱ्याने आपल्यामुळे दुसऱ्या दुर्बलाला संसर्ग होणार नाही याची काळजी घेतली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. जन्मास न आलेल्या जीवाच्या बाजूने आपण ठामपणे बोलतो. त्याच जीवाचे रुबेलापासून रक्षण करणे हा त्या भूमिकेचाच भाग नव्हे काय?

आता पुन्हा कोप्यांकडे वळू. टीडीची पहिली मात्रा गावाकडे घेतलेली स्त्री दुसऱ्या मात्रेच्या वेळी इंदापूरच्या फडात असते. माता व बाल संरक्षण कार्ड अनेकदा गावीच राहते, आणि खाडा झाला तर मजुरी बुडते. लस मोफत आहे. महाग आहे तो दवाखान्यात जाण्याचा दिवस. म्हणून आशा सेविकेला कोप्यांची माहिती देणे, गर्भवतींच्या तपासणीसाठी ठरलेल्या दर महिन्याच्या ९ तारखेला वाहनाची सोय करणे आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये यासाठी मुकादमाशी बोलणे, ही कामे आपल्या महिला मंडळांना व युवकांना सहज करता येतील.

विवाहेच्छुक तरुणतरुणींनी घोषणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही सूचना प्रत्येक धर्मग्रामाने शिबिरात द्यावी. पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात घाईने गेली, ती एका गर्भवती नातलग स्त्रीच्या सोबतीसाठी. आपल्या शिवारातील कोप्या तर त्याहून पुष्कळ जवळ आहेत.