महागाई वाढ : दान नव्हे, देणे

कमावता माणूस सरकारी सेवेत असताना गेला, म्हणजे त्याच्या विधवेच्या हाती दोन गोष्टी येतात. एक कुटुंब निवृत्तिवेतन, आणि दुसरी, दैवाने साथ दिली तर, अनुकंपा तत्त्वावरील नोकरी. पहिली पतीच्या श्रमाची, दुसरी तिच्या स्वतःच्या श्रमाची. एकीचा दुसरीशी हिशेब जोडता येत नाही, हे सामान्य माणसाला समजावून सांगावे लागत नाही. केंद्र सरकारला मात्र ते उमगण्यासाठी 1999 साल उजाडावे लागले, आणि तोपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचा कौलही विधवांच्या विरुद्ध गेला होता. तो लढा आज जुना झाला असला, तरी त्यातून उभा राहिलेला प्रश्न जुना झालेला नाही. महागाई वाढ हा निवृत्तिवेतनाचाच अंश आहे, की मालकाने मर्जीनुसार द्यावी आणि मर्जीनुसार थांबवावी अशी ती मेहेरबानी आहे, हा तो प्रश्न होय.

जुना नियम असा होता : कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या नोकरीत असेल, तर तिचे मूळ निवृत्तिवेतन चालू ठेवावयाचे, परंतु त्यावरील महागाई वाढ थांबवावयाची. परिणाम असा, की घर चालविण्यासाठी शिपायाची वा कारकुनाची नोकरी पत्करणाऱ्या विधवेच्या हाती पतीच्या निवृत्तिवेतनाचा गोठलेला आकडा पडे. तिने नोकरी न करता घरी बसावयाचे ठरविले असते, तर तीच वाढ तिला विनातक्रार मिळाली असती. श्रम करणाऱ्या स्त्रीला तिच्या श्रमाबद्दलच दंड करणारा हा नियम कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याच्या दप्तरात वर्षानुवर्षे सुखाने नांदत होता.

अशा स्त्रियांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. त्यांच्या पाठीशी भक्कम आधार होता. 1971 साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हा हक्क आहे, ती कृपा नव्हे, असे सांगितले होते. 17 डिसेंबर 1982 च्या नाकारा निर्णयात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने तेच तत्त्व अधिक व्यापक केले. 1985 साली पूनमल प्रकरणात, 1964 ची योजना लागू होण्यापूर्वीच निवृत्त झालेल्या सेवकांच्या विधवांनाही कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कक्षेत घेण्यात आले. या वाटेने चालत आलेल्या विधवांना न्यायाधिकरणाच्या काही खंडपीठांनी न्याय दिला. सरकार अपिलात गेले. डिसेंबर 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वासुदेवन पिल्लै प्रकरणात सरकारचे म्हणणे मान्य केले. नोकरीतील व्यक्तीला वेतनावर महागाई भत्ता मिळतो. रुपयाच्या घसरणीची भरपाई त्यातून होते. म्हणून निवृत्तिवेतनावर ती पुन्हा देण्याचे कारण नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

न्यायालयाचा योग्य तो आदर राखूनही म्हटले पाहिजे, की हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. वेतनावरील महागाई भत्ता त्या वेतनाच्या घसरणीची भरपाई करतो, दुसऱ्या कोणत्याही रकमेची नव्हे. पती हयात असता आणि दोघेही सरकारी नोकरीत असती, तर दोघांनाही आपापल्या वेतनावर महागाई भत्ता मिळाला असता. बायकोला भत्ता मिळतो, म्हणून नवऱ्याचा बंद करा, असे कोणत्याही खात्याने म्हटले नसते. मग पतीच्या मृत्यूने असे काय घडले, की त्याच्या श्रमाच्या मोबदल्याचे मोल राखण्याची जबाबदारी संपली? मृत्यूने कुटुंबाचे नुकसान झाले, आणि त्या नुकसानीत खजिन्याने आपली बचत शोधली, एवढाच याचा अर्थ होतो.

निवृत्तिवेतन रुपयांत मोजले जाते. परंतु पोट रुपयांनी भरत नाही, रुपयांनी येणाऱ्या धान्याने भरते. भाव दरसाल 6 टक्क्यांनी वाढत राहिले, तर 12 वर्षांत रुपयाचे मोल निम्मे होते. गोठलेले निवृत्तिवेतन म्हणजे दरसाल थोडे थोडे कापले जाणारे निवृत्तिवेतन. हुकूम न काढता, सही न करता केलेली ही कपात असते. महागाई वाढीमुळे निवृत्तिवेतनधारक श्रीमंत होत नाही. काल मिळत होते तेवढेच आज मिळावे, इतकीच ती व्यवस्था आहे. आणि तीही उशिरा येणारी. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक मूल्य निर्देशांकाची 12 महिन्यांची सरासरी काढून जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा ती ठरते. भाव आधी चढतात, भरपाई मागाहून येते. शिवाय 1996 पासून कुटुंब निवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण दरच मुळी शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के आहे. इतक्या तोकड्या पांघरुणाचा काठ कुरतडण्यात राज्याची कोणती प्रतिष्ठा वाढते?

न्यायालयात हरलेला हा प्रश्न अखेर न्यायालयाबाहेर सुटला. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्राने 2 जुलै 1999 रोजी आदेश काढून नोकरीत असलेल्या कुटुंब निवृत्तिवेतनधारकांनाही महागाई वाढ मान्य केली आणि ती 18 जुलै 1997 पासून लागू केली. त्यापूर्वीची वर्षे मात्र बुडाली. शिवाय केंद्राचा आदेश केंद्राच्या सेवकांपुरता. राज्यांचे, मंडळांचे, महामंडळांचे आणि बँकांचे नियम निराळे. प्रत्येक दाराशी तोच अर्ज, तोच नकार आणि तीच याचिका, असा फेरा उरतो. सार्वजनिक बँकांतील कुटुंब निवृत्तिवेतनावरील 9,284 रुपयांची कमाल मर्यादा उठून सरसकट 30 टक्क्यांचा दर मिळण्यास 2021 साल लागले. वृद्धेच्या आयुष्याची वर्षे मोजकी असतात, सरकारी वकिलाला तारखा मागण्याची घाई नसते. या विषम लढतीत काळ हा नेहमीच मालकाच्या बाजूने साक्ष देतो.

तत्त्व मान्य झाले असे समजावे, तर 2020 सालचा अनुभव ताजा आहे. करोनाच्या साथीत केंद्राने महागाई भत्त्याचे आणि महागाई वाढीचे तीन हप्ते गोठविले. जुलै 2021 पासून 17 टक्क्यांवरून 28 टक्के दर लागू झाला. परंतु मधल्या 18 महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. त्यातून सुमारे 34,402 कोटी रुपये वाचल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्या बचतीत कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवांचाही वाटा आहे. संकटकाळी त्याग सर्वांनीच करावयाचा असतो हे खरे. पण तो कोणाकडून आधी मागितला जातो, यावरून राज्याचे वर्गचरित्र कळते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. संघटित सेवकांच्या विधवांना निदान न्यायालयात जाता येते. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एकीच्या ताटातील भाकरी काढून दुसरीला दाखविणे हे नव्हे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 मध्ये महागाईशी जोडलेली वाढच नाही. साखर कारखान्यांतील आणि एसटीतील कामगार याच योजनेत येतात. 2014 साली तिची किमान रक्कम 1,000 रुपये ठरली, आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ती तेवढीच राहिली. दारिद्र्यरेषेखालील विधवांच्या राष्ट्रीय योजनेत केंद्राचा वाटा 2012 साली दरमहा 300 रुपये झाला; त्यालाही निर्देशांकाचा आधार देण्यात आलेला नाही. म्हणजे सचिवाच्या वेतनाला महागाई लागते, आणि कामगाराच्या विधवेला ती लागत नाही, असे आपल्या अर्थव्यवस्थेचे गृहीत आहे. सरकारी सेवकांच्या विधवांनी जिंकलेले तत्त्व या स्त्रियांपर्यंत पोहोचविणे, हाच त्या आक्षेपाला खरा जबाब आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. महागाई वाढ हा निवृत्तिवेतनाचा अविभाज्य भाग असल्याचे संसदेने कायद्यानेच जाहीर करावे, म्हणजे ती गोठविण्याचा अधिकार साध्या कार्यालयीन आदेशाला उरणार नाही. केंद्र, राज्ये, मंडळे आणि महामंडळे यांना तो नियम सारखाच लागू व्हावा. विलंब झाल्यास थकबाकीवर व्याज द्यावे. 1995 च्या योजनेतील आणि निराधारांसाठी असलेल्या योजनांतील रकमा निर्देशांकाशी जोडाव्यात. कामगार संघटनांनीही आत्मपरीक्षण करावे. वेतनकरारासाठी संप पुकारणाऱ्या संघटनेला आपल्या दिवंगत सभासदाच्या विधवेची याचिका ही तिची खासगी अडचण वाटत असेल, तर त्या संघटनेत भाईचारा उरला नाही, केवळ वर्गणी उरली असे म्हणावे लागेल.

ज्याने तीस वर्षे राबून आपली म्हातारपणाची आणि आपल्या माघारची तजवीज राज्याच्या हवाली केली, त्याचे ते देणे आहे. देणेकऱ्याने धनको मेला म्हणून देणे कमी करावयाचे नसते.