हसणारे आपण

आमच्या वर्गात एक मुलगा होता. आवाज नाजूक, चालणं जरा वेगळं. सगळे त्याला 'बायल्या' म्हणायचे. एकदा सरांनी त्याला शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर बसवलं. अख्खा वर्ग खदाखदा हसला. मीही हसलो. तो समलिंगी होता की नाही, मला आजही माहीत नाही. चिडवणाऱ्यांना तरी कुठे माहीत असतं म्हणा!

टायलर क्लेमेंटीबद्दल वाचताना हे आठवलं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नुकताच दाखल झालेला, व्हायोलिन वाजवणारा १८ वर्षांचा मुलगा. सप्टेंबर २०१० मध्ये रूममेटने वेबकॅमवरून त्याला दुसऱ्या पुरुषासोबत पाहिलं, ट्विटरवर जाहीर केलं, आणि पुढच्या वेळी इतरांनाही बघायचं आमंत्रण दिलं. २२ सप्टेंबरला टायलरने आत्महत्या केली. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं, हे मान्य. पण मला खटकतं ते 'आमंत्रण'. प्रेक्षक मिळणार नसतील तर असली मजा कोण करेल? आमच्या वर्गातले प्रेक्षक आम्हीच होतो.

या छळाची एक गोम आहे. जाड, काळा, चष्मिष्ट म्हणून चिडवलं तर पोरगं घरी येऊन रडू शकतं. आईबाप शाळेत जाऊन भांडतात. या मुलाला मात्र छळ सांगायचा तर कारणही सांगावं लागतं, आणि ते कळल्यावर घरचेच काय म्हणतील याची धास्ती! मग तो गप्प बसतो. पोटदुखीच्या नावाखाली शाळा बुडवतो, मार्क घसरतात, आणि आपण म्हणतो, "हल्ली अभ्यासात लक्षच नाही." समलिंगी असणं हा आजार नाही. आजारी पाडतं ते हे एकटेपण.

२०१६ मध्ये यूजीसीने लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत घातला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. चांगलंच झालं. पण सातवीच्या वर्गात कोर्ट येत नाही. तिथे असतात सर, बाई आणि हसणारी पन्नास पोरं. त्यातल्या एकाने जरी मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी डबा उघडला, तरी खूप फरक पडतो. मी उघडला नव्हता.

असो. कोणाला आज बोलायची गरज असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. आणि घरात शाळकरी मूल असेल तर त्याला सहज विचारा, "तुमच्या वर्गात कोणाला बायल्या म्हणतात का रे? तेव्हा तू काय करतोस?"