पाणी शहापूरचे, न्याहारी परदेशाची!

देशोदेशीच्या न्याहाऱ्या चाखण्याची हौस मुंबई-ठाण्याच्या सुशिक्षित घरांत भलतीच बळावली आहे. कॉर्नफ्लेक्स १९९०च्या दशकात रुळले, पाठोपाठ ओट्स आले. हौसेला आक्षेप नाही. परक्या धान्याचे वावडे असते, तर मूळच्या आफ्रिकेतील नागलीचाही त्याग करावा लागेल! आक्षेप आंधळेपणाला आहे. शहापूरच्या भातसा-तानसाचे पाणी मुंबई पिते. त्याच पाण्यात ओट्स शिजतात. शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारांवर ठाकर, महादेव कोळी बांधव पिकवतात ती नागली मात्र 'गरिबांचे अन्न' ठरते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. परिसंवाद झडले, भाषणे झाली. त्या श्रोत्यांपैकी किती जणांच्या घरी आज सकाळी आंबील झाली?