जन्मतः दुष्ट अशी जात असते काय?

आमच्या शाळेंतील मुलें हल्लीं अद्भुतकथा व भयकथा मोठ्या आवडीनें वाचतात, आणि तशाच कथांवर रचलेले खेळहि खेळतात. हें वाचन हितकर कीं अहितकर, असें पुष्कळ पालक आम्हांस विचारतात. राक्षस, पिशाच्चें व चेटूक यांच्या गोष्टींनीं मुलांचीं मनें भित्रीं होतील, अशी त्यांची शंका असते. भीतीविषयीं फारशी काळजी करूं नये, असें आमचें मत आहे. मुलें भितात, आणि भीति ओसरली म्हणजे हंसतात. काळजीची गोष्ट निराळी आहे. या कथांतून एक ठराविक कल्पना वारंवार येते कीं, जगांत एखादी जातच्या जात जन्मतः दुष्ट असते, आणि तिच्यांतील कोणासहि मारण्यापूर्वीं त्याचा अपराध विचारावा लागत नाहीं.

या कल्पनेचें आज सर्वांत प्रसिद्ध झालेलें रूप म्हणजे ‘ऑर्क’ ही जात होय. ऑक्सफर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४ व १९५५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाली. तींतील हेल्म्स डीप येथील युद्धांत शत्रूकडील डोंगरी माणसें शरण येतात व त्यांस अभय मिळतें; ऑर्कांस मात्र असें अभय मिळालेलें कोठें दिसत नाहीं. पण ग्रंथकर्त्याचें मन या बाबतींत स्वस्थ नव्हतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दुष्ट शक्तीस नवें कांहींच निर्माण करितां येत नाहीं, जें आहे तें ती केवळ बिघडविते, अशी त्यांची धर्मश्रद्धा होती. मग ऑर्क आले कोठून, आणि त्यांच्या उद्धाराची आशाच नाहीं असें म्हणावें काय? १९५४ सालच्या एका पत्रांत त्यांनीं या प्रश्नाची चर्चा केली आहे, व पुढेंहि तो त्यांच्या मनांतून गेला नाहीं. त्याच कादंबरींत सॅम नांवाचा साधाभोळा माळी शत्रुपक्षाकडील एका मृत मनुष्याकडे पाहून मनाशीं म्हणतो कीं, याचें नांव काय असेल, आणि हा खरोखरच दुष्ट होता, कीं कोणाच्या धाकानें वा खोट्या बोलण्यानें घरापासून इतका दूर आला? आमच्या मतें हा एक परिच्छेद लढायांच्या सर्व वर्णनांहून अधिक मोलाचा आहे.

पुढील अनुकरण करणारांनीं टॉल्किन यांची शंका सोडून दिली आणि सोय तेवढी उचलली. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. या खेळांत प्रत्येक प्राणिजातीपुढें तिची वृत्ति लिहिलेली असे, व ऑर्कांपुढें ‘दुष्ट’ हें विशेषण कायमचें बसलें. शत्रूस मारिलें कीं खेळाडूस अनुभवाचे गुण मिळत. खेळास शत्रु हवा, आणि तो असा हवा कीं, त्यास मारितांना खेळ थांबवून विचार करावा लागूं नये; हें या रूढीचें खरें कारण आहे. तींत कोणाचा द्वेष होता असें आम्ही म्हणत नाहीं. ती केवळ सोय होती. परंतु सोयीचीहि संवय लागते.

गंमत अशी कीं, कथाकार आपलें कल्पित जग जों जों अधिक भरीव करूं लागतो, तों तों ही सोय त्याच्या हातून निसटते. ऑर्कांस भाषा दिली, वस्ती दिली, घरांत बायकामुलें दिलीं, कीं ते माणसांसारखे होतात. याच खेळासाठीं गायगॅक्स यांनीं लिहिलेल्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या कथानकांत गुहांमध्यें राहणाऱ्या टोळ्यांची मोजदाद आहे, आणि तींत न लढणाऱ्या पोरांचीहि संख्या दिलेली आहे. या पोरांचें काय करावें, यावर खेळाडूंमध्यें वर्षानुवर्षें वाद होत आले आहेत. ज्या खेळांत असा प्रश्न उपस्थित होतो, त्या खेळानें खेळाडूस कांहीं तरी शिकविलें, असें आम्ही समजतों. अखेर २०२० सालीं या खेळाच्या प्रकाशकांनींच जाहीर केलें कीं, यापुढें ऑर्क आदि जातींचें चित्रण इतर लोकांप्रमाणेंच बऱ्यावाईट स्वभावांचें केलें जाईल. कारण पूर्वींचें चित्रण जगांतील खऱ्या मानवसमूहांच्या निंदेची आठवण करून देणारें होतें.

भयकथेच्या उत्तम लेखकांनीं तर हें पूर्वींच ओळखिलें होतें. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील अक्राळविक्राळ प्राणी जन्मतः क्रूर नाहीं, निर्मात्यानें त्यास टाकलें व लोकांनीं रूप पाहून झिडकारलें, म्हणून तो क्रूर झाला. जॉर्ज मॅक्डोनल्ड यांच्या १८७२ सालच्या एका बालकथेंतील भुयारवासी गॉब्लिनांविषयींहि अशी दंतकथा सांगितली आहे कीं, ते एके काळीं जमिनीवर राहत होते, व राजानें जबर कर बसविले अशा कांहीं कारणानें भुयारांत गेले. २०१५ सालच्या ‘अंडरटेल’ या संगणकावरील खेळांत तर एकाहि राक्षसास न मारतां शेवट गांठतां येतो.

आपल्याकडील कथांत राक्षसांचीं सैन्यें कमी मारिलीं जात नाहींत. तथापि हिरण्यकश्यपूच्या घरीं प्रल्हाद जन्मतो, रावणाच्या घरीं बिभीषण असतो, आणि दिवाळींत आपल्या आयाबहिणी ‘इडापिडा टळो, बळीचें राज्य येवो’ असें म्हणतात, तो बळीहि दैत्यकुळांतलाच. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकांत बळीची कथा हरलेल्यांच्या बाजूनें सांगितली, आणि ‘राक्षस’ हें नांव कोण कोणास ठेवितो, हा प्रश्न मराठी वाचकांपुढें ठेविला. खेड्यांतील भुतांसहि पूर्ववृत्त असतें. पिंपळावरचा मुंजा हा मुंज होऊन सोडमुंजीपूर्वींच मेलेला मुलगा. त्याची भीति वाटते, पण कींवहि येते.

यावर कोणी म्हणेल कीं, या नुसत्या गोष्टी आहेत. राक्षस म्हणजे मनांतील विकारांचें रूपक, त्यावर एवढा विचार कशास? राक्षस एकटा असून रूपक असेल तर आमची हरकत नाहीं. परंतु रूपकास गांव, पोशाख व मुलें दिलीं म्हणजे तें रूपक राहत नाहीं, तो समाज होतो. आणि समाजच्या समाज जन्मानें अपराधी ठरविण्याची बुद्धि केवळ गोष्टींतच वावरते, असें नाहीं. १८७१ सालीं ब्रिटिश सरकारनें या देशांत ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला. पुढें त्या कायद्याखालीं अनेक जमाती सरसकट गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांच्या लोकांस हजेरी द्यावी लागे, व सोलापूरसारख्या ठिकाणीं त्यांस तारेच्या कुंपणांत ठेवण्यांत आलें. तेथें जन्मलेल्या बालकानें कोणता अपराध केला होता? १९५२ सालीं कायदा रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का रद्द झाला नाहीं. आजहि गांवांत चोरी झाली कीं प्रथम कोणाच्या पालाकडे बोट दाखविलें जातें, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. कोणत्याहि एका पुस्तकानें मुलाची अशी बुद्धि होत नाहीं. पण शंभर गोष्टी एकच सूर आळवूं लागल्या, तर तो सूर कानांत बसतो.

यावर उपाय म्हणून पुस्तकें हिसकावून घ्यावीं, असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. मुलानें वाचून संपविलेली गोष्ट त्यास सांगावयास लावावी, आणि मधेंच विचारावें: ‘हे लोक वाईट कां? त्यांनीं काय केलें?’ ‘ते तसेच असतात’ असें उत्तर आलें, तर गोष्ट कोठें अपुरी आहे हें मुलाच्या आपोआप लक्षांत येईल. आणि जे विद्यार्थी या अंकासाठीं अद्भुतकथा लिहितात, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, राक्षस खुशाल निर्माण करा, तो भयंकरहि करा. पण त्यास मारण्यापूर्वीं निदान त्याचें नांव वाचकांस सांगा. नांव सांगावयाचें ठरविलें म्हणजे तो कोठला, कोणाचा, आणि असा कां झाला, हेंहि सांगावें लागतें. गोष्ट तेथूनच लिहावयास घ्या.